तेलाने दूषित झालेली माती वनस्पतींच्या साहाय्याने कशी सुधारावी

डिझेल, वंगणतेल किंवा कच्चे खनिज तेल जमिनीत मुरले की त्या जागेवरचे गवत पिवळे पडते, पाणी मुरेनासे होते आणि पुढे कित्येक वर्षे तेथे धड काही उगवत नाही. अशी माती खणून दुसरीकडे नेऊन टाकणे हा जलद उपाय असला, तरी तो खर्चिक आहे आणि त्यात दूषित माती दूषितच राहते. वनस्पतींच्या मदतीने ती जागच्या जागी सुधारता येते. ही पद्धत संथ आहे, ती प्रत्येक जागेला लागू पडत नाही आणि केवळ रोपे लावून मोकळे होण्याइतकी ती सोपीही नाही. मात्र जागेची निवड नीट झाली आणि मातीची निगा नियमित राखली, तर मृत झालेली जमीन पुन्हा जिवंत होऊ शकते.

वनस्पती नेमके काय करतात

वनस्पती मुळांवाटे तेल शोषून घेतात आणि माती स्वच्छ होते, हा सर्वाधिक पसरलेला गैरसमज आहे. डिझेल किंवा वंगणतेलातील बहुतेक हायड्रोकार्बन, म्हणजे कार्बन आणि हायड्रोजन यांची संयुगे, पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत, त्यामुळे ते मुळांच्या पृष्ठभागाला चिकटून राहतात, पण रसाबरोबर वर चढत नाहीत. पेट्रोलमधील बेंझीन आणि टोल्यूइन यांसारखी लहान रेणूंची संयुगे काही प्रमाणात शोषली जातात, परंतु त्यांतलाही काही भाग पानांवाटे हवेत निघून जातो. खरे काम मुळांभोवतीच्या मातीतील सूक्ष्मजीव करतात. मुळे शर्करा, अमिनो आम्ले आणि सेंद्रिय आम्ले मातीत सोडत असतात, बारीक तंतुमुळे सतत मरत आणि नव्याने फुटत असतात, आणि या खाद्यावर मूळपरिसरातील जिवाणूंची संख्या उघड्या मातीच्या तुलनेत अनेकदा दहापटींहून अधिक वाढते. स्यूडोमोनास, ऱ्होडोकॉकस, ॲसिनेटोबॅक्टर, मायकोबॅक्टेरियम अशा गटांतील काही जिवाणू हायड्रोकार्बनचे विघटन करून त्यातून ऊर्जा मिळवतात. मायकोबॅक्टेरियम गटातील काही जाती तर अनेक वलये असलेल्या चिवट सुगंधी (ॲरोमॅटिक) संयुगांचेही विघटन करतात.

या विघटनाला ऑक्सिजन लागतो, आणि तोही भरपूर. एक ग्रॅम हायड्रोकार्बनचे पूर्ण ज्वलन व्हावे तसे विघटन होण्यासाठी सुमारे साडेतीन ग्रॅम ऑक्सिजन खर्च होतो. म्हणून मातीत हवा खेळती ठेवणे ही या पद्धतीतील पहिली गरज आहे. मुळे मरून कुजल्यावर मागे राहणाऱ्या पोकळ्यांतून हवा आणि पाणी खोलवर जाते. वनस्पतींचा हा उपयोग त्यांच्या स्रावांइतकाच मोलाचा आहे. पुढच्या सर्व सूचना या एका गोष्टीवर उभ्या आहेत, की आपण झाड वाढवत असलो तरी जोपासना मुळांभोवतीच्या जिवाणूंची करत आहोत.

काम हाती घेण्यापूर्वी

गळती चालू असेल, तर ती आधी बंद करावी. पृष्ठभागावर साचलेले तेल भुसा, शोषक कापड किंवा तत्सम पदार्थाने टिपून घ्यावे आणि तो माल घातक कचऱ्याप्रमाणे वेगळा ठेवावा. डाग जाळू नये. साबणाचे पाणी ओतून तो धुण्याचाही प्रयत्न करू नये, कारण साबणामुळे तेल मातीच्या कणांपासून सुटते खरे, पण तेच पाणी त्याला अधिक खोल आणि क्वचित भूजलापर्यंत घेऊन जाते. ताज्या पेट्रोलच्या गळतीच्या जागी ठिणगी पडेल असे कोणतेही काम करू नये आणि वास येत असेपर्यंत माती हाताने उकरू नये. बेंझीन कर्करोगकारक आहे. गळती मोठी असेल, जवळ विहीर किंवा ओढा असेल, तर पर्यावरण यंत्रणेला कळवणे ही पहिली पायरी समजावी. तेथे वनस्पतींचा विचार नंतर येतो.

त्यानंतर तेल किती खोल गेले आहे ते पाहावे. बहुतेक गवतांची दाट मुळे वरच्या ३० सेंटिमीटर थरात असतात आणि त्याखाली ती विरळ होत जातात. वाळ्याची मुळे अनुकूल मातीत २ ते ३ मीटर खाली जातात, तर विलो आणि पॉप्लर यांसारखी झाडे भूजलाच्या काठापर्यंत पोहोचू शकतात. तेल मुळांच्या आवाक्याबाहेर असेल, तर वर कितीही हिरवळ दिसली तरी खाली काहीही बदलत नाही.

तेलाचा प्रकारही महत्त्वाचा आहे. पेट्रोलचा बराच भाग उडून जातो. डिझेल आणि रॉकेल यांतील मध्यम लांबीच्या साखळ्यांचे विघटन तुलनेने सहज होते. वंगणतेल संथपणे कमी होते आणि डांबरासारखे जड घटक जवळजवळ तसेच राहतात. इंजिनातून काढलेले वापरलेले तेल हा वेगळाच विषय आहे, कारण त्यात जस्त, शिसे यांसारखे धातू आणि बहुवलयी सुगंधी संयुगे असतात. जिवाणू तेलाचे विघटन करतात, पण धातूचे करू शकत नाहीत. अशा जागी धातूंची तपासणी केल्याशिवाय पुढे जाऊ नये.

कच्च्या तेलाच्या विहिरीजवळची जमीन असेल, तर तेलाबरोबर वर आलेले खारे पाणीही मातीत मुरलेले असण्याची मोठी शक्यता असते. तेथे रोपे तेलाने मेली असे वाटते आणि प्रत्यक्षात ती मिठाने मेलेली असतात. म्हणून मातीची विद्युतवाहकता अवश्य मोजावी. संपृक्त अर्काची, म्हणजे पाण्याने पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याची, वाहकता ४ डेसिसिमेन्स प्रति मीटरपेक्षा अधिक असल्यास ती माती क्षारयुक्त मानली जाते. अशा वेळी निचरा सुधारणे, सोडियमचे प्रमाण जास्त असल्यास जिप्सम घालणे आणि क्षार सहन करणाऱ्या जाती निवडणे ही कामे तेलाच्या आधी करावी लागतात.

नमुने आणि तपासणी

जागेचे चौरस पाडून प्रत्येक चौरसातून ० ते १५, १५ ते ३० आणि ३० ते ६० सेंटिमीटर अशा तीन खोलींचे नमुने घ्यावेत. नमुने काचेच्या बरणीत काठोकाठ भरून, झाकण घट्ट लावून, थंड जागी ठेवून लवकर प्रयोगशाळेत द्यावेत, अन्यथा उडून जाणारे घटक वाटेतच कमी होतात. याच कारणासाठी पेट्रोलच्या तपासणीचे नमुने एकत्र कालवू नयेत. एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन, बहुवलयी सुगंधी संयुगे, धातू, सामू (पीएच), वाहकता, सेंद्रिय कर्ब, नत्र आणि स्फुरद इतक्या गोष्टी पहिल्या अहवालात असाव्यात. तेलाने दूषित न झालेल्या शेजारच्या मातीचाही एक नमुना द्यावा, कारण तुलनेसाठी तोच उपयोगी पडतो.

अहवालातील आकडे मिलिग्रॅम प्रति किलोग्रॅममध्ये असतात, १०,००० म्हणजे १ टक्का. जिवाणूंच्या साहाय्याने माती सुधारण्याच्या पद्धतींसाठी साधारणपणे ५०,००० ही वरची मर्यादा धरली जाते, परंतु वनस्पतींना याहून कितीतरी कमी प्रमाणात त्रास होऊ लागतो. १ ते २ टक्क्यांच्या पुढे अनेक जातींची उगवण लांबते आणि मुळे खुरटतात. त्याहून जास्त दूषित असलेले भाग आधी वेगळे काढून त्यांवर स्वतंत्र उपचार करावेत, किंवा वारंवार नांगरट आणि खत देऊन प्रमाण खाली आणावे व मगच लागवड करावी.

एक साधी चाचणी जागेवरच करता येते. कोरड्या मातीच्या सपाट पृष्ठभागावर पाण्याचा थेंब सोडावा. तो ५ सेकंदांपेक्षा जास्त वेळ मोत्यासारखा टिकून राहिला, तर मातीच्या कणांवर तेलाचा लेप बसला आहे आणि ती पाणी झिडकारते आहे असे समजावे. अशा मातीत बी पेरून पाणी दिले तरी बियांपर्यंत ओल पोहोचत नाही.

कुंडीतील चाचणी

ही पायरी वगळण्याचा मोह होतो, पण माझ्या मते संपूर्ण कामातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी पायरी हीच आहे. दूषित माती आणि त्याच जमिनीतील स्वच्छ माती यांची मिश्रणे करावीत: पूर्ण स्वच्छ, एक चतुर्थांश दूषित, निम्मी दूषित आणि पूर्ण दूषित. प्रत्येक मिश्रणाच्या किमान तीन कुंड्या ठेवून प्रत्येकीत एकाच जातीचे २० ते २५ बी पेरावे. सहा आठवड्यांनी उगवण मोजावी, रोपे मुळांसकट काढून धुवावीत आणि मुळांची लांबी व वजन नोंदवावे. वरून टवटवीत दिसणाऱ्या रोपाची मुळे कधी कधी बोटभरच वाढून दूषित थराच्या कडेला वळलेली आढळतात. आपल्या कामासाठी अशी जात निरुपयोगी आहे. बी उगवत नसेल, पण स्वच्छ मातीत वाढवलेले रोप लावल्यावर जगत असेल, तर प्रत्यक्ष जागेवर पुनर्लागवडीचा मार्ग घ्यावा.

वनस्पतींची निवड

दाट तंतुमुळांची गवते हा या कामाचा कणा आहे, कारण थोड्या मातीत मुळांचा सर्वाधिक पृष्ठभाग त्यांच्याकडूनच मिळतो. थंड हवामानात टॉल फेस्क्यू आणि रायग्रास, उष्ण हवामानात हरळी, सुदान गवत आणि ज्वारी यांचा वापर होतो. वाळा कच्च्या तेलाने बरीच दूषित झालेली माती सहन करतो आणि उतारावरची माती धरूनही ठेवतो. मात्र एखादी जात तेलात जगते, याचा अर्थ ती तेल कमी करतेच असा होत नाही. सहनशीलता आणि परिणामकारकता या दोन गोष्टी वेगवेगळ्या तपासाव्या लागतात.

गवतासोबत एखादे शेंगवर्गीय पीक घ्यावे. लसूणघास, क्लोव्हर, चवळी यांच्या मुळांवरील गाठी हवेतील नत्र स्थिर करतात, आणि तेलाने भरलेल्या मातीत नेमकी नत्राचीच टंचाई असते. लसूणघासाचे सोटमूळ खोल जात असल्याने गवताच्या उथळ मुळांना त्याची चांगली जोड मिळते. विलो आणि पॉप्लर यांचा विचार भूजल उथळ असेल आणि त्यात पेट्रोलचे विरघळलेले घटक असतील तेव्हा करावा.

जात ठरवण्यापूर्वी दूषित डागाच्या कडेने एकदा नीट फिरावे. तेथे आपोआप उगवलेली आणि टिकलेली गवते ही त्या मातीने स्वतःच निवडलेली असतात. त्यांचे बी किंवा ठोंब वापरले तर बाहेरून आणलेल्या जातींपेक्षा खात्री अधिक असते, आणि परकी जात आजूबाजूला पसरण्याचा धोकाही राहत नाही.

बाजारात मिळणाऱ्या तेलखाऊ जिवाणूंच्या पुड्यांविषयी येथेच सांगणे योग्य होईल. हायड्रोकार्बनचे विघटन करणारे जिवाणू जवळजवळ प्रत्येक मातीत थोड्या संख्येने असतात आणि तेल मिळाल्यावर ते काही आठवड्यांत वाढतात. हवा, ओल आणि नत्र यांची सोय नसेल तर बाहेरून टाकलेले जिवाणूही टिकत नाहीत, आणि ती सोय असेल तर मूळचेच पुरेसे पडतात. १९८९ मध्ये अलास्काच्या किनाऱ्यावर एक्झॉन वाल्डेझ जहाजातून तेल सांडल्यानंतर खडकाळ किनाऱ्यांवर खते देऊन तेथल्याच जिवाणूंना चालना देण्यात आली होती. खर्च करायचाच असेल तर तो मशागत आणि खतांवर करावा.

मशागत आणि लागवड

माती वाफशावर असताना २० ते ३० सेंटिमीटर खोल नांगरून ढेकळे फोडावीत. लागवडीपूर्वी दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने अशी नांगरट दोन-तीन वेळा केली, तर हवा आत जाते, हलके घटक निघून जातात आणि बियांना होणारा त्रास कमी होतो. पेट्रोलने दूषित जमीन वस्तीजवळ असेल, तर मात्र ती उघड्यावर वारंवार उलटू नये. चांगले कुजलेले कंपोस्ट किंवा शेणखत मिसळल्याने माती भुसभुशीत होते आणि पाणी झिडकारण्याची सवय मोडते. भुसा किंवा कच्चा पालापाचोळा एकदम जास्त घालू नये, कारण तो कुजताना असलेले नत्रही बांधून ठेवतो. सामू ६ ते ८ या दरम्यान असावा, आम्लधर्मी मातीत चुना घालून तो वर आणावा.

बियाण्याचे प्रमाण नेहमीच्या दीडपट ते दुप्पट ठेवावे. डागाच्या भोवती छोटा बांध घालावा, म्हणजे पावसाचे पाणी तेल घेऊन बाहेर जाणार नाही. जागेला कुंपण करून जनावरांना आत येऊ देऊ नये.

जागेचा एक तुकडा मशागत आणि खत देऊन, पण लागवड न करता राखून ठेवावा. तेल हे उडून जाण्याने आणि केवळ खत-मशागतीनेही कमी होते. प्रत्यक्ष प्रयोगांमध्ये काही वेळा लागवडीखालील आणि उघड्या तुकड्यांत फारसा फरक आढळलेला नाही, तर काही ठिकाणी तो स्पष्ट दिसला आहे. आपल्या जागी वनस्पतींचा वाटा किती, हे या राखून ठेवलेल्या तुकड्यावाचून कळत नाही.

खतांचा हिशेब

पुस्तकी सूत्रानुसार कर्ब, नत्र आणि स्फुरद यांचे प्रमाण १००:१०:१ असावे. हे सूत्र जसेच्या तसे लावल्यास काय होते ते पाहावे. मातीत १ टक्का तेल आहे, म्हणजे एक किलो मातीत १० ग्रॅम. तेलात सुमारे ८५ टक्के कर्ब असतो, म्हणून कर्ब ८.५ ग्रॅम आणि सूत्राप्रमाणे नत्र ०.८५ ग्रॅम. एक चौरस मीटर जागेत ३० सेंटिमीटर खोलीपर्यंत, घनता घनमीटरला १.३ टन धरल्यास, ३९० किलो माती असते. तिला सुमारे ३३० ग्रॅम नत्र लागेल. युरियात ४६ टक्के नत्र असते, म्हणजे हा युरिया झाला चौरस मीटरला ७०० ग्रॅमहून अधिक. हेक्टरी १०० किलो नत्र ही मात्रा चौरस मीटरला केवळ १० ग्रॅम पडते. तिच्या तेहेतीसपट नत्र एकदम दिले, तर रोपे जळतील, जिवाणूही मंदावतील आणि उरलेले नायट्रेट भूजलात उतरेल.

म्हणून हे सूत्र एकूण गरजेचा अंदाज घेण्यापुरतेच ठेवावे. जिवाणू मरतात तेव्हा त्यांच्यातील नत्र पुन्हा मातीत येते आणि नव्या पिढीला मिळते, शिवाय सगळ्या कर्बाचे जिवाणूंच्या शरीरात रूपांतर होत नाही. प्रत्यक्षात वाढीच्या काळात दर चार ते सहा आठवड्यांनी चौरस मीटरला ५ ते १० ग्रॅम नत्र, म्हणजे ११ ते २२ ग्रॅम युरिया, देत राहावे. स्फुरद लागवडीच्या वेळी मातीत मिसळून द्यावे. खालची पाने पिवळी पडू लागली की जिवाणूंनी रोपांच्या वाट्याचे नत्र उचलले असे समजून पुढचा हप्ता लवकर द्यावा. क्षारयुक्त जमिनीत रासायनिक खताचे हप्ते आणखी लहान करावेत.

हंगामातील निगा

ओल पाणी धरून ठेवण्याच्या क्षमतेच्या ५० ते ८० टक्के असावी. मूठभर माती दाबल्यावर गोळा होतो आणि बोटांमधून पाणी निथळत नाही, इतकी ओल योग्य आहे. पाणी साचू दिले तर हवा संपते, माती राखाडी किंवा काळपट होते, कुजक्या अंड्यासारखा वास येतो आणि काम थांबते. अशा वेळी पाणी तोडून निचऱ्याचे चर काढावेत.

रोपे रुजल्यावर खोल नांगरट करू नये. गवत फुलोऱ्यावर येण्याआधी कापत राहावे, परंतु ८ ते १० सेंटिमीटरच्या खाली कापू नये. अशा हलक्या कापणीनंतर काही मुळे मरतात आणि नवी फुटतात, आणि त्यातूनच मातीला खाद्य आणि पोकळ्या मिळत राहतात. कापलेले गवत जनावरांना घालू नये. धातूंचे प्रमाण तपासून ते सुरक्षित आढळले तर तेथेच आच्छादन म्हणून पसरावे, अन्यथा ते वेगळे साठवून घातक कचऱ्याच्या नियमांप्रमाणे त्याची विल्हेवाट लावावी. जेथे रोपे मरून उघडे डाग पडतात, त्या जागांचे नमुने स्वतंत्र घ्यावेत, कारण सहसा तेल तेथेच सर्वाधिक असते.

परिणाम मोजताना

प्रत्येक हंगामाच्या शेवटी आधीच्याच जागा आणि आधीच्याच खोली कायम ठेवून, त्याच पद्धतीने नमुने तपासावेत. घातलेल्या कंपोस्टमुळे माती विरळ होऊन आकडा कमी दिसतो, तो खरा विघटनाचा परिणाम नसतो. उलट कंपोस्ट आणि मुळांतील नैसर्गिक मेण चाचणीत तेल म्हणून मोजले गेल्याने आकडा वाढलेलाही दिसतो. यासाठी अर्काचे सिलिका जेलने शुद्धीकरण करून मग मोजमाप करण्यास प्रयोगशाळेला सांगावे. तेथे गॅस क्रोमॅटोग्राफीची, म्हणजे तेलातील घटक वेगळे करून मोजण्याची, सोय असेल, तर हेप्टाडेकेन आणि प्रिस्टेन यांचे गुणोत्तर मागावे. सरळ साखळीचे हेप्टाडेकेन जिवाणू आधी संपवतात आणि फांद्या असलेले प्रिस्टेन मागे राहते. बाष्पीभवनाने मात्र दोन्ही जवळपास सारख्याच प्रमाणात कमी होतात. गुणोत्तर खाली येत असेल, तर जिवाणू कामाला लागले आहेत याचा तो भक्कम पुरावा आहे.

पहिल्या काही महिन्यांत प्रमाण झपाट्याने उतरते आणि नंतर वेग मंदावतो. मातीच्या सूक्ष्म छिद्रांत अडकलेल्या आणि जड रेणूंच्या अवशेषांपर्यंत जिवाणू पोहोचू शकत नाहीत. त्यामुळे दोन ते पाच वर्षांची तयारी ठेवावी. सलग दोन हंगामांत आकडा हललाच नाही, तर आधी सामू, नत्र, ओल आणि खालच्या थराचा घट्टपणा तपासावा. यांत काही दोष नसेल, तर उरलेले तेल या पद्धतीच्या आवाक्याबाहेरचे आहे असे मानून दुसऱ्या उपायाचा विचार करावा.

आकडा त्या ठिकाणी लागू असलेल्या मर्यादेखाली आल्यानंतरही अन्नपिके लगेच घेऊ नयेत. बहुवलयी सुगंधी संयुगे आणि धातू यांची स्वतंत्र तपासणी करावी, पुन्हा एकदा कुंडीत उगवण चाचणी घ्यावी आणि स्वच्छ मातीतील रोपांच्या बरोबरीने मुळे वाढतात असे दिसल्यावरच कुंपण काढावे.